चांदमारी आणि थ्री-नॉट-थ्री

‘यंदा मावळंकर निघाले’, ‘मावळंकरला दोन गुण कमी पडले’, ‘आधी मावळंकर, मग नॅशनल’ – नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या घोळक्यात पाच मिनिटे उभे राहिले, तर असली वाक्ये हमखास कानावर पडतात. अखिल भारतीय ग. वा. मावळंकर नेमबाजी स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची पायरी. पंजाबातला पोरगा काय किंवा मणिपूरची पोरगी काय, हे मराठी आडनाव सगळ्यांच्या तोंडी बसलेले आहे. पण हे मावळंकर कोण, असे विचारून पाहा. बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतील. मौज अशी, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात विचारले तरी प्रकार फारसा निराळा होत नाही. वास्तविक हे आडनाव इथलेच. संगमेश्वराकडचे मावळंगे हे त्या घराण्याचे मूळ गाव.

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म बडोद्याचा, 1888 सालचा. त्यांच्या बालपणातली काही वर्षे मात्र राजापूरच्या शाळेत गेली. 1902 मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादेला गेले, तेथेच वकील झाले, गांधीजींच्या मागे लागून तुरुंगात जाऊन आले, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे पहिले सभापती झाले. गुजरात त्यांना आपला मानतो आणि तेही बरोबरच आहे. साबरमतीच्या छायेत वाढलेल्या या दादासाहेबांनी 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. चरख्याच्या संगतीत आयुष्य घालवलेल्या माणसाने बंदुकीच्या संस्थेचे अध्यक्ष व्हावे, यात पुष्कळांना विसंगती दिसेल. मला दिसत नाही. बंदूक धाकासाठी बाळगणे निराळे आणि शंभर यार्डांवरच्या काळ्या ठिपक्यावर श्वास रोखून नेम धरणे निराळे. दुसऱ्यासाठी जी शिस्त लागते, ती सभागृह चालवणाऱ्या माणसाला कळली नसती तरच नवल!

परंतु दादासाहेबांच्या मूळ जिल्ह्याचे बंदुकीशी नाते पडले ते खेळाचे नव्हे, पोटाचे.

कोकणात भात चार महिने पुरायचे आणि माणसे बारा महिने खायची. म्हणून कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बोटीवर, कोणी पलटणीत. दापोलीला आजही जुनी माणसे ‘कॅम्प’ म्हणतात. तेथे कंपनी सरकारची छावणी होती आणि ती उठल्यावर पेन्शनर शिपायांची वस्ती मागे राहिली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर याच दापोलीत येऊन राहिले होते. त्यांचा धाकटा मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. महारांची भरती इंग्रजांनी 1890 नंतरच्या वर्षांत बंद केली, तेव्हा दापोलीत राहणारे गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. हातातली बंदूक काढून घेतली म्हणजे नुसते हत्यार जात नाही. पगार जातो, पेन्शन जाते, मुलाची शाळा जाते आणि गावात ताठ मानेने चालण्याचा हक्कही जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला 1917 मध्ये महारांची पलटण उभी करावीशी वाटली, युद्ध संपताच ती मोडली, आणि दुसरे महायुद्ध आल्यावर 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गरज सरो नि वैद्य मरो, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

मराठा पलटणींचे तसे नव्हते. त्या चालूच राहिल्या. 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात जवळजवळ पाच महिने अडकल्या. घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात मराठे एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर चढले, मग इटलीत लढले. या सगळ्या मुलखांत कोकणी आणि घाटावरच्या शिपायाच्या खांद्यावर जी वस्तू होती, तिचे नाव थ्री-नॉट-थ्री.

कडी काढा, कडी लावा

बंदुकीच्या नळीचा व्यास एक इंचाच्या हजार भागांपैकी तीनशे तीन भाग, म्हणजे 7.7 मिलिमीटर, म्हणून पॉइंट थ्री-नॉट-थ्री. कागदोपत्री नाव ली-एन्फील्ड. यातले ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्माने स्कॉटिश, लहानपणी कॅनडात गेलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला कारागीर. एन्फील्ड हा लंडनजवळचा सरकारी कारखाना. लीच्या रचनेची पहिली बंदूक ब्रिटिश सैन्यात 1888 मध्ये आली, एन्फील्डची नळी तिला 1895 मध्ये बसली, आणि आपल्याकडे जी सर्वांत जास्त पाहिली गेली ती आखूड मार्क थ्री 1907 मध्ये ठरली.

‘बोल्ट अॅक्शन’ हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. आपल्या घराच्या दाराला आडवी लोखंडी कडी असते ना, तीच ही. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. मागे ओढताना उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, पुढे ढकलताना खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत शिरते, आणि दांडी खाली पडली की दार बंद. जर्मनांच्या माउझर बंदुकीचे कुलूप पुढे, काडतुसाच्या अगदी तोंडाशी बसते. ते अधिक मजबूत. लीने आपले कुलूप मागच्या बाजूला ठेवले. त्यामुळे दांडीचा प्रवास आखूड झाला आणि हात झरझर चालू लागला. शिवाय माउझरच्या पेटीत पाच काडतुसे, तर हिच्यात दहा; पाच-पाचांच्या दोन क्लिपा वरून अंगठ्याने दाबून भरायच्या. 1914 साली स्नॉक्सॉल नावाच्या एका ब्रिटिश सार्जंटाने तीनशे यार्डांवरच्या निशाणावर एका मिनिटात 38 गोळ्या मारल्याची कथा नेमबाजांत आजवर सांगितली जाते. साध्या शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. तीदेखील थोडी नव्हे.

वजन चार किलोला किंचित कमी, लांबी 113 सेंटिमीटर. लाकडी दस्त्याच्या बुडाला पितळेचे टोपण. ते उघडले की आत तेलाची छोटी बाटली आणि नळी साफ करायची दोरी. त्या दोरीच्या फासात फलानीची चार इंच बाय दोन इंचांची चिंधी अडकवायची आणि नळीतून ओढून काढायची. जुन्या काडतुसांच्या ठिणगीच्या मसाल्यात एक क्षार असे. बार काढल्यावर तो नळीत बसे आणि हवेतले पाणी शोषून घेई. अशा वेळी नळीत उकळते पाणी ओतणे हाच उपाय. कोकणच्या आषाढात, जेथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेथे ही बंदूक न गंजता ठेवणे म्हणजे रोजची पूजाच होती.

1857 नंतर इंग्रजांनी एक धोरण ठेवले होते. हिंदी शिपायाच्या हातातले हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्याराहून एक पिढी जुने असावे! त्यामुळे 1914 च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा तिच्या बंदुका तेथेच काढून घेऊन नव्या द्याव्या लागल्या. आयत्या वेळी मिळालेले, हातात न बसलेले हत्यार घेऊन ती माणसे खंदकांत गेली. विश्वास टाकायचा तो असा, बंदरावर!

पुढे ही बंदूक बव्हंशी आपलीच झाली. बंगालमध्ये इशापूरला 1904 पासून रायफल कारखाना आहे. लाखो थ्री-नॉट-थ्री तेथे घडल्या. काडतुसे पुण्याजवळ खडकीला होत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, आणि त्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे ठोकलेली असत. 1962 मध्ये चिनी सैन्य स्वयंचलित बंदुका घेऊन हिमालयातून खाली आले, तेव्हा आपल्या जवानांच्या हाती ही जुनी बंदूकच होती. टीका व्हायची ती झाली, आणि रास्तच झाली. त्यानंतर इशापूरने याच रचनेची 7.62 मिलिमीटरची आवृत्ती काढली, पण सैन्याचे मन तोवर पुढच्या हत्यारांकडे वळले होते. थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे, होमगार्डकडे आणि तुरुंगाच्या पहाऱ्यावर गेली.

शनिवारचा खेळ

इकडे आपण तिला पहाऱ्यावर उभी केली. तिकडे दूरदेशी तिची पेन्शन मजेत चालली आहे.

इंग्लंडात बिस्ले येथे 1890 पासून चांदमारीचे मोठे मैदान आहे. त्याआधी ही मंडळी विंबल्डनला जमत. 1860 मध्ये तेथे पहिला बार खुद्द राणी व्हिक्टोरियाने काढला. तिच्यासाठी बंदूक आधीच निशाणावर रोखून चौकटीत पक्की बसवली होती आणि राणीसाहेबांनी फक्त दोरी ओढली. नेम अर्थातच लागला. स्वित्झर्लंडात दर वर्षी एक राष्ट्रीय चांदमारी होते. लाखाहून अधिक नागरिक तीनशे मीटरवर प्रत्येकी अठरा गोळ्या झाडतात आणि मग एकत्र बसून खातात-पितात. कॅनडाच्या उत्तर टोकाला बर्फात गस्त घालणारे रेंजर 1947 पासून पुढची सुमारे सत्तर वर्षे ली-एन्फील्डच वापरत होते, कारण तिकडच्या थंडीत तिची कडी अडत नसे.

परंतु मला सर्वांत गोड वाटतो तो लहान क्लबांतला सामना. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, कोठेही पाहा, शनिवारी-रविवारी दहा-वीस माणसे गावाबाहेरच्या मैदानावर जमतात. अट एकच: बंदूक जुनी, सैनिकी आणि मूळ रूपातली हवी, दुर्बीण नाही, नवा दस्ता नाही. मागची खाच, पुढची माशी आणि आपला डोळा, एवढीच सामग्री. त्यामुळे एकाच ओळीत इंग्रजांची एन्फील्ड, जर्मनांची माउझर, रशियनांची मोसिन, अमेरिकनांची स्प्रिंगफील्ड अशा एकमेकींवर रोखलेल्या बंदुका आता शेजारीशेजारी लोळत असतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कॅम्प पेरीला होणाऱ्या अशा सामन्यात दोनशे यार्डांवर तीस गोळ्या: दहा पालथे पडून सावकाश, दहा पालथे पडून घाईने, दहा उभ्याने. कडीवाल्या बंदुकीला घाईच्या दहा गोळ्यांसाठी ऐंशी सेकंद. एका गोळीला जास्तीत जास्त दहा गुण, एकूण तीनशे. हरलेला जिंकलेल्याच्या बंदुकीची नळी वाकून पाहतो, जिंकलेला आपल्या बंदुकीची खोड सांगतो, कोणी किटलीत नळी धुण्याचे पाणी उकळतो आणि त्यातलेच उरलेले चहाला घेतो.

आता गंमत पाहा. त्या ओळीत इशापूरची बंदूकही असते. आपल्या सरकारने मोडीत काढलेल्या कितीतरी इशापुरी बंदुका व्यापाऱ्यांमार्फत अमेरिकेत गेल्या. लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू ही त्यांची ओळखीची खूण. तो पाहिला की तेथला माणूस म्हणतो, ही हिंदुस्थानची. आणि आमच्या खडकीची ‘के. एफ.’ काडतुसेही तेथे पोहोचली, पण त्यांची कीर्ती मात्र फार उजळ नाही. चाप ओढला की नुसते ‘क्लिक’. माणूस विचारात पडतो. आणि मग सावकाशीने ‘धडाम’! एवढ्या अवकाशात हलला नाही तो खरा नेमबाज, असे ते लोक हसून म्हणतात. आपल्या मालाची अशी थट्टा वाचून थोडे वाईट वाटते हे खरे. पण बेळगावात कवायत केलेल्या शिपायाच्या हातून गेलेली एखादी बंदूक आज ओहायोच्या गवतात पालथ्या पडलेल्या निवृत्त पोस्टमनच्या गालाला टेकली असेल, ही कल्पना काही केल्या मनातून जात नाही.

आपल्याकडे हा खेळ का नाही?

उत्तर आहे 1878 सालात. लॉर्ड लिटनच्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे बंद झाले; गोऱ्यांना मोकळीक होती. इंग्लंडात रायफल क्लब वाढले ते स्वयंसेवक पलटणींतून. इथेही रेल्वेच्या, बंदरांच्या, चहामळ्यांच्या स्वयंसेवक पलटणी होत्या, त्यांच्या चांदमाऱ्या होत्या, चषक होते. पण त्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांपुरत्या. 1885 च्या सुमारास रशियाच्या स्वारीची आवई उठली, तेव्हा सुशिक्षित हिंदी तरुणांनी आम्हालाही स्वयंसेवक करून घ्या म्हणून अर्ज केले. नकार मिळाला. काँग्रेसच्या पहिल्या काही अधिवेशनांत शस्त्रकायदा आणि स्वयंसेवक या दोन्ही विषयांवर ठराव झाले ते यामुळे. टिळकांच्या जन्मगावच्या माणसांना ही हकीकत निराळी सांगायला नको.

सैन्याचे काडतूस प्रजेच्या हाती पडू नये, ही सरकारची दुसरी काळजी. म्हणून थ्री-नॉट-थ्री खाजगी माणसाला बंद. व्यापारी हुशार, त्यांनी लीच्याच कडीवर.315 या निराळ्या मापाची नळी बसवून शिकारीची बंदूक विकायला काढली. काडतूस सैन्याचे नाही, म्हणजे कायदा शांत! इशापूरने स्वातंत्र्यानंतरही तीच .315 नागरिकांसाठी बनवली. 1959 मध्ये नवा शस्त्रकायदा आला, गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण ‘प्रतिबंधित’ मापांच्या यादीत थ्री-नॉट-थ्री राहिलीच. पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारही संपवली. ती संपली याचे मला दुःख नाही.

आमच्या जिल्ह्यात खाजगी बंदूक म्हणाल तर ती ठासणीची. वरून दारू ओतायची, गजाने ठासायची आणि रानडुकरांना भात-नाचणीच्या शेतातून पिटाळायचे. शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. डुकरांना निवडणुकीची आचारसंहिता लागू नसल्याने ती त्या दिवसांत विशेष उत्साहात असतात. असो. या बंदुकीने कोणी नेमबाजीचा सामना खेळत नाही.

तेव्हा बाहेरदेशीच्या त्या शनिवारच्या खेळाच्या सर्वांत जवळचे आपल्याकडे काय, तर राष्ट्रीय छात्रसेनेची चांदमारी. छात्रसेना 1948 ची. चिनी आक्रमणानंतर 1963 मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि 1968 पर्यंत तशीच राहिली. त्या पाच वर्षांत खेडोपाड्यांतून शिकायला आलेल्या असंख्य पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचीच बंदूक हातात धरली. सक्ती गेल्यावर आम्ही हौसेने गेलो. मी सांगतो ते रत्नागिरीकडच्या सड्यावरचे. पाऊस संपून सड्यावरचे गवत पिवळे पडलेले, समोर जांभ्याची दरड, तिच्यापुढे निशाणांचे फळे, अंतर पंचवीस यार्ड. बंदूक .22 ची; पण नावालाच निराळी. दस्ता, वजन, कडी सगळे थ्री-नॉट-थ्रीचे, फक्त नळीचे छिद्र बारीक आणि काडतूस एकेक हाताने घालायचे. खाकी पँटीला लाल माती, कोपराखाली खडे, आणि डोक्यावर हवालदाराचे हिंदी: ‘लेट के पोझिशन! पाच राउंड भर!’

काडतुसे पाच, मोजून. बार झाल्यावर पुंगळ्या पाच, मोजूनच परत. एकदा एक पुंगळी कमी भरली. ऊन उतरेपर्यंत चाळीस पोरे सड्यावर ओणवी होऊन गवत विंचरत होती; शेवटी ती एकाच्या बुटाच्या शिवणीत सापडली. तो पोरगा पुढे बँकेत लागला आणि त्याच्या काउंटरवर कधी पै कमी पडली नाही म्हणतात.

पाच गोळ्यांनी काही नेमबाज होत नाही. पण पाचही एका रुपयाच्या आकारात बसल्या, तर त्या माणसाला आपल्या हाताविषयी काहीतरी नवे कळते. अंजली वेदपाठक-भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना छात्रसेनेतूनच बंदुकीकडे वळल्या; 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि 2002 मध्ये जगातल्या विजेत्यांच्या विजेत्या ठरल्या. घाट चढून गेले की राधानगरी तालुका. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्याची बंदूक अत्याधुनिक आणि किंमत ऐकून छाती दडपावी अशी. पण काडतूस एकेक, आणि कडी तीच: उचल, ओढ, ढकल, पाड.

थ्री-नॉट-थ्रीचे स्वतःचे दिवस मात्र सरत आले आहेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी स्वयंचलित बंदुकांतून गोळ्यांचा वर्षाव करीत होते, तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाचे हेडकॉन्स्टेबल झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची थ्री-नॉट-थ्री घेऊन उलट गोळी झाडली. त्या रात्रीनंतर पोलिसांच्या जुन्या हत्यारांवर देशभर लिहिले गेले. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात या बंदुकीला समारंभाने निरोप दिला. पोलिसांना नवी हत्यारे हवीत यात वाद नाही. माझा प्रश्न उरलेल्या बंदुकांचा आहे.

घरोघरी बंदुका द्याव्यात, असे मी मुळीच म्हणणार नाही. परदेशातल्या त्या प्रकाराची फळे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. मी मागतो आहे ते फार थोडे. जिल्ह्याला एक डझन थ्री-नॉट-थ्री पोलिसांच्याच शस्त्रागारात, पोलिसांच्याच कुलपात राहू द्या. वर्षातून एक दिवस, दिवाळीनंतर गवत पिवळे पडले की, पोलिसांच्या चांदमारीवर सामना भरू द्या. माजी सैनिक, होमगार्ड, छात्रसेनेची मुलेमुली. माणशी दहा काडतुसे, पुंगळ्या मोजून परत. सामन्याला नाव सुचवायचे तर मावळंग्याचे आहेच. ज्या जिल्ह्याच्या माणसांनी ही बंदूक कूतपासून केरेनपर्यंत वाहिली, त्यांच्या नातवांना ती कशी चालते हे काचेच्या पेटीतून नव्हे, खांद्याला धक्का बसून कळावे, एवढाच यातला लोभ.

ही कल्पना मी खेडकडच्या एका वृद्ध सुभेदारांना ऐकवली. मराठा पलटणीतले, पासष्टच्या लढाईच्या आधी भरती झालेले, आता नव्वदीच्या उंबरठ्यावर. अंगणातल्या खुर्चीवर बसून ते सुपाऱ्या सोलताना पाहत होते. मी म्हणालो, “काका, दहा गोळ्यांना ऐंशी सेकंद देतात तिकडे.”

“ऐंशी?” त्यांनी काठी उचलून खांद्याला लावली. अंगठा आणि पहिले बोट हवेतल्या दांडीवर, चापावर मधले बोट. हात वर, मागे, पुढे, खाली. वर, मागे, पुढे, खाली. दांडीवरची बोटे एकदाही सुटली नाहीत. सुपारी सोलणारी सूनबाई थांबून पाहू लागली. दहा झाल्यावर त्यांना धाप लागली होती, पण काठीचे टोक समोरच्या माडाच्या बुंध्यावरून हलले नव्हते.

“माझे किती झाले?”

मी घड्याळ पाहिलेच नव्हते असे त्यांच्या लक्षात आले, आणि ते गालात हसले. मग काठी खाली ठेवीत म्हणाले, “बक्षीस काय देतात रे ते लोक?”

“काही क्लबांत टर्की देतात, काका. म्हणजे मोठी कोंबडीच.”

“गावठी कोंबडा ठेवायला सांग,” सुभेदार म्हणाले. “आणि तारीख लवकर धरायला सांग.”